एका रंगाचे चौदा हिरे

कुडाळ,
२६ सप्टेंबर १९९९

ती. दादा,
नमस्कार.

एकदाचं ठरलं बाबा! उन्नतीचं सावंतवाडीच्या विघ्नेशशी नक्की झालं. मुलगा बँकेत आहे, बोलतो कमी, जेवतो व्यवस्थित, मला तर आवडला. त्याची आई मात्र भारी आहे. कानात हिऱ्यांच्या कुड्या घालून आली होती आणि सगळा वेळ मान अशी काही वळवत होती, की मला वाटलं बाईंची मान धरलीय. शेवटी माझ्याने राहवेना. म्हटलं, "आमच्या उन्नतीच्या कुड्या तिच्या मामाकडे तयारच आहेत. एका कुडीत सात, दोन्हींत मिळून चौदा हिरे. दर दिवाळीला एक असा चौदा वर्षं वेचून ठेवलाय त्याने. वसईला हिऱ्यांतच काम करतो ना तो!" बाईंची मान जागच्या जागी थांबली बघ.

पण मग त्यांनी विचारलं, "कलर कुठला?" मी म्हटलं, पांढरा, हिऱ्याला आणखी कुठला असणार? त्या नुसत्या हसल्या. असा राग आला मला! तेव्हा ते कलरचं काय असतं ते मला समजेल असं लिही. पुढच्या वेळी ठणकावून सांगते.

लग्न ५ मार्चला, रविवारी, इथे कुडाळलाच. मामा म्हणून उन्नतीच्या मागे तू उभा. हे काही मी तुला विचारत नाहीय.

वहिनीला नमस्कार, सुरुचीला आशीर्वाद. दहावीचं वर्ष आहे तिचं, टीव्ही बंद करा घरातला.

तुझी,
वसू


चंदनसार, विरार (पू.),
१० ऑक्टोबर १९९९

चि. सौ. वसू,
आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की शेजारच्या बाई विचारायला आल्या. जावई बोलत नाही हा त्याचा गुणच समज. तुझ्या घरात त्याला तशीही संधी मिळणार नाही.

आता कलर. हिऱ्याचा रंग म्हणजे रंग नसणं. अजिबात नाही तो डी. तिथून ई, एफ, जी, एच असं झेडपर्यंत उतरायचं. दर पायरीला पिवळेपणाचा एकेक थेंब वाढतो. उन्नतीचे सगळे जी आहेत. विहीणबाई विचारतील, डी का नाही? तर सांग, कुडी सोन्यात बसते आणि सोन्याचा पिवळेपणा खड्यात थोडा उतरतोच. तिथे डी घालणं म्हणजे चहात टाकायला मध आणणं. जी सोन्यात पांढराच दिसतो. खरी गोष्ट वेगळीच आहे. चौदाही खडे एकसारखे हवेत. एकटा हिरा थोडा पिवळा असला तर ब्रह्मदेवालाही कळत नाही. शेजारी शेजारी बसवले की मात्र एक दुसऱ्याला उघडा पाडतो.

हे बघायचं सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या उजेडात. आमच्या शेठने वसई पूर्वेचा हा गाळा उत्तरेची खिडकी बघूनच घेतला. पांढऱ्या कागदाची घडी घालायची, घडीत खडा पालथा ठेवायचा आणि बाजूने बघायचं. वरून बघितलं तर चमक फसवते. तरीही संशय राहिला तर खड्यावर तोंडाची वाफ द्यायची. चमक मरते, आणि वाफ उडेपर्यंत खरा रंग दिसतो. आम्ही सगळे टेबलावर पांढरे सदरे घालतो, कारण पिवळा घातला तर तोही खड्यात दिसतो. बाराजण आहोत. दोघांचं पटलं नाही की खडा माझ्या पुढ्यात येतो. सव्वीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी दुसरा शब्द काढलेला नाही, हे तुझ्या विहीणबाईंना अवश्य सांग.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत पहिला घेतला तेव्हा उन्नती दुसरीत होती. गेल्या दिवाळीत चौदावा. शेठ दर वर्षी मला घरच्या भावात एक निवडू देतात. चौदाही खड्यांची पुडी परेशबरोबर पाठवतो. तुझ्या जाऊबाईंचा हा मुलगा मी आमच्या टेबलावर कामाला बसवला, त्याला पाच वर्षं झाली. नालासोपाऱ्यात खोली घेतलीय, हात स्वच्छ आहे आणि नजर फार चांगली आहे. दिवाळीला घरी येतोय.

माझी शुगर थोडी वाढलीय, बाकी ठीक. तुझ्या यजमानांना नमस्कार.

तुझा,
दादा


कुडाळ,
१८ नोव्हेंबर १९९९

ती. दादा,
नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. फोन करणार होते, पण इथल्या बूथवर बोललेलं संध्याकाळपर्यंत मच्छी बाजारात पोचतं.

परवा पुडी घेऊन सोनाराकडे गेले. त्याने चौदाही खडे पांढऱ्या कागदावर पालथे मांडले, तू लिहिलं होतंस तसेच. मग चिमट्याने एकेक उचलून दोन ढीग केले. म्हणाला, "वहिनी, हे आठ एका जातीचे. हे सहा वेगळे. पिवळे आहेत." मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, कोणी निवडलेत माहीत आहे का तुला? त्याने कागद माझ्याकडे सरकवला. दादा, मला दिसलं रे. चष्मा न लावता दिसलं. आठ पाण्यासारखे, सहा तुपासारखे.

पुडी परेशने आणली. चार दिवस त्याच्या घरी होती. मी काही आरोप करत नाही. पण रंभाला, म्हणजे त्याच्या आईला, एवढंच विचारलं की पुडी कोणी उघडली होती का. तर तिने भांडी आपटली, आणि दोन दिवस झाले, एका अंगणात राहून आमचं बोलणं बंद आहे. हे म्हणतात, आधी दादाला विचारायचं होतंस. विचारतेय. काय झालं?

तुझी,
वसू


चंदनसार, विरार (पू.),
२६ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. वसू,
आशीर्वाद.

परेशवर संशय घेऊ नकोस. रंभावहिनींची आजच माफी माग.

तुझ्या सोनाराच्या दुकानात ट्यूबलाइट असणार, नाहीतर समोर पिवळी भिंत असणार. ही माणसं सोन्यातली, त्यांना खड्यातलं कळत नाही. चौदाही खडे रजिस्टर पार्सलने, विमा उतरवून, मला परत पाठव. मी बघतो.

दादा


चंदनसार, विरार (पू.),
२२ डिसेंबर १९९९

चि. सौ. वसू,
आशीर्वाद.

खडे पोचले. हे पत्र एकटीने वाच.

रविवारी सकाळी दहा वाजता घरच्या खिडकीशी बसलो. कागद घातला, खडे मांडले. चौदाही एकसारखे. वाफ दिली, पुन्हा बघितले. एकसारखे, वसू. मी तुझ्या सोनाराला मनातून चार शिव्या दिल्या. तेवढ्यात सुरुची चहा घेऊन आली. गंमत म्हणून तिला म्हटलं, यात वेगळा कुठला दिसतो का सांग. ती उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, हे सहा पिवळे आहेत ना?" मी म्हटलं, दाखव. तिने सहा बाजूला काढले. एवढंच नाही, ते ओळीने लावले. हा कमी पिवळा, हा त्याहून जास्त, हा सगळ्यात जास्त. कपबशी हातात होती तिच्या.

मी हिशेब केला. आठ वर्षं पांढरे, पुढची सहा पिवळे, आणि दर वर्षी जरा जास्त पिवळे. म्हणजे त्र्याण्णवपासून. ते खडे बिघडलेले नाहीत. मी बिघडलोय.

वसई गावात डॉ. कॅथरिन म्हणून डोळ्यांच्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून तासभर बघितलं. म्हणाल्या, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हा आतला पडदा आहे. साखरेने खराब झालाय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं. निळ्यातला आणि पिवळ्यातला फरक काहींचा आधी जातो म्हणे, आणि इतका हळू जातो की माणसाला पत्ता लागत नाही. वाचता येतं, लिहिता येतं, रस्ता दिसतो. मी विचारलं, मग जातं काय? त्या म्हणाल्या, "तुमचं काम काय?" मी सांगितलं.

सहा वर्षं मी लोकांच्या भांडणात शेवटचा शब्द देतोय. त्यातले किती चुकले असतील देव जाणे. झोप लागत नाही.

दोन गोष्टी मागतो. परेशचं नाव तुझ्या मनातून पूर्ण काढ. आणि हे कोणालाही सांगू नकोस, यजमानांनाही नको. हिऱ्यांचे रंग ठरवणाऱ्या सॉर्टरलाच रंग न दिसणं म्हणजे काय ते तुला कळलंच असेल. मला दुसरं काही येत नाही. सुरुचीचं दहावीचं वर्ष आहे, तिला पुढे शिकायचंय. शेठला कळलं तर त्या दिवशी माझी खुर्ची गेली. सहा खडे नवे घेऊन देईन म्हणालो असतो, पण ते निवडायला मला कोणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतील, आणि कोणाकडे मागू?

वहिनीलाही अजून बोललो नाही. फक्त तुला.

दादा


कुडाळ,
२ जानेवारी २०००

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चारही वेळा मला एकच दिसलं, की अक्षर मोत्यासारखं आहे. एक काना इकडचा तिकडे नाही. डोळे गेले म्हणतोस आणि पत्र असं लिहितोस? पेपर वाचतोस, रस्ता ओलांडतोस, आणि नेमका पिवळा तेवढा दिसत नाही? असं सोयीचं आंधळेपण मी तरी ऐकलं नाही.

सोनाराने सांगितलं मला. पिवळा खडा पांढऱ्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. त्र्याण्णव साली तुम्ही चंदनसारला ब्लॉक घेतलात. त्याच वर्षापासून खडे पिवळे. मी काही शाळा शिकलेली नाही असं नाही. वहिनी म्हणाली असेल, भाचीला कशाला एवढं, कोण बघतंय. तसं सरळ सांगितलं असतंस तर मी एका शब्दाने बोलले नसते. खरंच नसते. मोत्यांच्या कुड्या केल्या असत्या. पण चौदा वर्षं तू दर दिवाळीला मला पत्रात लिहिलंस, "आणखी एक झाला." आणि मी ते सगळ्या गावात सांगत फिरले. आता सावंतवाडीला काय सांगू?

आणि तू कधी चुकत नाहीस हे मी नाही, तूच लिहिलंयस. सव्वीस वर्षांत दुसरा शब्द नाही. मग आता मी कुठल्या दादावर विश्वास ठेवू?

मी परेशला विचारणार आहे. तो तुझ्याच टेबलावर बसतो. खरं असेल तर त्याला माहीत असेल.

वसू


चंदनसार, विरार (पू.),
१० जानेवारी २०००

वसू,

पत्र आत्ता मिळालं. परेशला विचारू नकोस. हात जोडतो.

मी लबाड आहे असं समज. चिक्कू समज. वहिनीला मात्र मध्ये आणू नकोस, तिला खड्यांचं काही माहीत नाही. सावंतवाडीला सांग, मामाने फसवलं. चालेल मला. उन्नतीला सांग. पण परेशला नको.

दादा


कुडाळ,
१२ जानेवारी २०००

ती. दादा,

मी चुकले. आधी हेच लिहिते.

काल परेशला फोन केला. नालासोपाऱ्याला त्याच्या खोलीवर फोन नाही, म्हणून रंभाच्या वहीतून तुमच्या ऑफिसचा नंबर घेतला आणि बूथवरून लावला. मी विचारलं, "परेश, दादाला रंग दिसत नाही हे खरं का?" मला वाटलं लाइन कटली. मी परत मोठ्याने विचारलं. मग तो हळूच म्हणाला, "काकी, आत्ता नको." मी म्हटलं, आत्ताच सांग. तर म्हणाला, "दोन वर्षं झाली. मामांनी तपासलेल्या पुड्या मी जेवणाच्या सुट्टीत परत बघतो. त्यांना माहीत नाही. तुम्ही सांगू नका."

बूथमध्ये मी रडले, दादा. माणसं बघत होती, बघू देत. मी तुला काय काय लिहिलं! वहिनीला काय काय बोलले! तू मला एकटीला सांगितलंस आणि मी तुझं अक्षर बघत बसले. मला क्षमा कर. ते मागचं पत्र फाडून टाक, वहिनीच्या हाती लागू देऊ नकोस.

पोरगं दोन वर्षं उपाशी पोटी तुझ्या पुड्या सांभाळतंय आणि मी त्याला चोर ठरवायला निघाले होते. रंभाच्या पाया पडून आले आज.

आता कोणाला काही कळणार नाही. परेश काही बोलणार नाही, मी बोलणार नाही. तू निवांत राहा.

तुझी,
वसू


चंदनसार, विरार (पू.),
२३ जानेवारी २०००

चि. सौ. वसू,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच इथे सगळं होऊन गेलं होतं. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहितो. ऑफिसात फोन एकच आहे आणि तो शेठच्या टेबलावर आहे. परेश बोलत होता तेव्हा शेठ समोर बसून होते. गुजराती माणूस, पण चाळीस वर्षं इथेच गेली, मराठी तुझ्यामाझ्यासारखं कळतं. आणि तू बूथमध्ये मोठ्याने बोललीस ते त्यांना रिसीव्हरमधूनही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी नमुन्याच्या हिऱ्यांची डबी माझ्यापुढे ठेवली. त्यात डीपासून एमपर्यंत एकेक हिरा असतो, त्यांच्याशी ताडून आम्ही बाकीचे ठरवतो. ते दहाही त्यांनी कागदावर मिसळून ओतले. म्हणाले, "दिनानाथभाई, लावा." टेबलावरच्या अकराजणांनी माना खाली घातल्या. नव्या पोराला पहिल्या दिवशी देतात ही परीक्षा. मीच देतो. परेशला मीच दिली होती.

मी वाफ दिली, फिरवले, खिडकीकडे सरकलो. उन्नतीच्या खड्यांसारखेच सगळे एकसारखे होते. मग मी नुसत्या अंदाजाने लावले. मुंबईला जुन्या ऑफिसात एका म्हाताऱ्या सॉर्टरला असं करताना मी बघितलं होतं आणि त्याची कीव केली होती. शेठनी ओळ बघितली, डबी बंद केली. वाईट वागले नाहीत. पुड्यांवर नंबर घालायचं काम दिलंय, दाराजवळच्या टेबलावर. खिडकीशी आता परेश बसतो. तो बसायला तयार नव्हता, मीच त्याचा दंड धरून बसवला. त्याच्यासाठी बरं झालं. दोन वर्षं लपवलं म्हणून शेठ त्यालाही काढणार होते.

तू माझी क्षमा मागतेस. मला राग आला, वसू. फार आला. आयुष्यात एकदाच कोणाला तरी खरं सांगितलं, आणि ते तुला खोटं वाटलं. आता राग गेलाय असं लिहिणार होतो, पण तो अजून आहे. तरी तू माझी बहीण आहेस आणि चूक माझ्या फुशारकीचीही आहे. एवढंच सध्या लिहिता येतं.

डाव्या डोळ्यात गेल्या आठवड्यात रक्त उतरलं. कॅथरिनबाईंनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. लेझर झालं. समोर काळे धागे तरंगतात. आता अक्षर मोत्यासारखं नाही, बघ.

दादा


कुडाळ,
४ फेब्रुवारी २०००

ती. दादा,
नमस्कार.

तुझ्या पत्राची ओळ न् ओळ तिरकी आहे. ते बघून हे मागच्या दारी जाऊन उभे राहिले. राग ठेव. तू ठेवशील तेवढा मी घेईन. पण लग्नाला ये. तू आला नाहीस तर उन्नतीच्या मागे मी कोणालाही उभं करणार नाही, ती एकटी येईल मंडपात. मी तिला सगळं सांगितलं, आता लपवून काय उपयोग? ती म्हणाली, "मामाने निवडलेले तेच चौदा हवेत. पिवळे तर पिवळे." ते परत पाठव. तसेच बसवून घेते. सात या कानात, सात त्या कानात, चार चार पांढरे, तीन तीन पिवळे. सोनार म्हणतो मधोमध पिवळा ठेवला तर मुद्दाम केल्यासारखं वाटेल.

वहिनीला मी वेगळं पत्र टाकलंय. ती काय म्हणाली?

ये रे दादा.

तुझी,
वसू


कुडाळ,
११ मार्च २०००

ती. दादा,
नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात ना? घर एकदम रिकामं वाटतंय. उन्नतीचा काल फोन आला होता, मजेत आहे. विघ्नेश म्हणे दिवसाला आठ-दहा वाक्यं बोलायला लागलाय.

तू आलास, सगळं भरून पावलं. तू अंतरपाटामागे तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा होतास तेव्हा मला आपल्या आईची इतकी आठवण झाली! आणि कुड्यांचं तू जे बोललास ते सगळ्यांना फार आवडलं. विहीणबाईंनीसुद्धा कौतुक केलं. पिवळं वगैरे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तेव्हा तो विषय आता डोक्यातून काढून टाक आणि डोळ्यांची औषधं वेळेवर घाल. दुसरा डोळा तरी ठीक आहे ना?

सुरुचीची परीक्षा कशी चाललीय?

तुझी,
वसू


चंदनसार, विरार (पू.),
२२ मार्च २०००

चि. सौ. वसू,
आशीर्वाद.

हे अक्षर सुरुचीचं आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. परीक्षा कालच संपली तिची. तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं. उजव्या डोळ्यातही रक्त उतरलं. कॅथरिनबाई आता थेंबसुद्धा बदलत नाहीत, नुसत्या खांद्यावर हात ठेवतात. नंबर घालायचं कामही सोडलं. अंक तिरके जायला लागले, आणि चुकीची पुडी चुकीच्या घरी गेली असती. शेठ निरोपाला खालपर्यंत आले.

तू लिहितेस कुड्यांचं कौतुक झालं. सुरुची ती ओळ वाचताना अडखळली, म्हणून मी तिला विचारलं, पिवळा मधोमधच बसवला होता ना? ती पुढचंच वाचायला लागली. मी आवाज चढवला. मग रडायला लागली. म्हणाली, "बाबा, ताईच्या कानात मोती होते." विहीणबाईंनी आदल्या दिवशी पिवळे खडे बघितले आणि आपल्या घरच्या मोत्यांच्या कुड्या पाठवल्या, याच घालायच्या म्हणून. तू ऐकलंस. मुलीचं लग्न होतं, मीही ऐकलं असतं. माझे चौदा तुझ्या कपाटात आहेत, होय ना? असू देत. उन्नतीला त्यांचा काही त्रास होऊ देऊ नकोस. कधी मोडायची वेळ आली तर मोड.

तुझा राग नाही. पहिला होता तोही आता नाही, हे खरं सांगतो. विश्वास ठेव.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. मंगलाष्टकं संपली, व्हिडिओवाल्याचा तो मोठा दिवा तिच्या गालावर होता. मला तिच्या कानाशी सात ठिपके दिसले, पांढरे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, सगळे जी कलर! एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!" तुला आठवतं. विहीणबाई दोन हातांवर होत्या. परेश होता, भटजी होते, तुमची सगळी भावकी होती. आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. कोणाचं धोतर सुटलं तर दहा वर्षं हसतात. तुझ्या लग्नात मी पंगतीत मीठ दोनदा वाढलं, ते रंभावहिनींनी याही वेळी काढलं. आणि मी भर मंडपात मोत्यांना हिरे म्हणालो, वर त्यांचा कलर सांगितला, सव्वीस वर्षांचा सॉर्टर, तर वसू, एकही माणूस हसलं नाही.

दादा